गायन पार्टीचा ध्वनिसंच : निगा आणि दुरुस्ती



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काही जणांना नवल वाटले असेल. विहारात धम्मावर, राज्यघटनेवर, शिक्षणावर व्याख्याने होतात. माईक आणि स्पीकर यांवर व्याख्यान कशाला, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. परंतु थोडा विचार केला तर लक्षात येईल की, आपली चळवळ जेवढी छापील अक्षरांतून पसरली तेवढीच, किंबहुना त्याहून अधिक, गाण्यातून पसरली. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारखे जलसाकार गावोगाव फिरले, तेव्हा त्यांच्यापाशी ढोलकी, डफ आणि खणखणीत गळा एवढेच भांडवल होते. पुढे वामनदादा कर्डकांनी (१९२२-२००४) आयुष्यभर भटकंती करून असंख्य गीते समाजाला दिली. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार याच वाटेने पोहोचला.

आज गर्दी मोठी आहे, रस्त्यावरचा गोंगाट मोठा आहे आणि नुसत्या गळ्यावर कार्यक्रम होत नाही. कवीची लेखणी, गायकाचा गळा आणि श्रोत्याचा कान यांच्यामध्ये आता एक यंत्र उभे आहे. ते यंत्र नीट चालले नाही तर शब्द हरवतो. ढोलकीचा ठेका ऐकू येतो, पण कडव्यात काय सांगितले ते शेवटच्या रांगेतल्या आजीला कळत नाही. ज्या गीतातला विचार कळत नाही ते गीत आपल्या कामाचे नाही. म्हणून हा विषय केवळ तंत्राचा नसून प्रबोधनाचा आहे, असे माझे नम्र मत आहे. शिवाय संस्थेचा संच वर्गणीतून येतो. दोन-चार रुपये बाजूला टाकणाऱ्या माणसांचा तो पैसा असतो. त्याची निगा राखणे हे आपले कर्तव्यच होय.

प्रथम कारण शोधा

भगवान बुद्धांनी दुःख सांगितले, दुःखाचे कारण सांगितले, कारण दूर झाले की दुःख दूर होते हे सांगितले आणि त्यासाठीचा मार्गही दाखविला. यंत्रातला दोष शोधण्याची रीतही हीच आहे. कारणाशिवाय काही घडत नाही. ‘मशीनला आज काय झाले कोण जाणे’ असे म्हणून वरून दोन थापा मारणे ही अंधश्रद्धाच समजावी.

आवाजाचा प्रवास साखळीसारखा असतो. माईक, माईकची केबल, मिक्सर, ॲम्प्लिफायर, स्पीकरची वायर आणि स्पीकर असे त्याचे दुवे आहेत. या सर्वांना बाजूने वीज लागते, तो सातवा दुवा. कोठेही एक दुवा तुटला तर साखळी तुटते. म्हणून दोष शोधताना सगळीकडे एकदम हात घालू नये. साखळीचे दोन भाग करावेत आणि दोष कोणत्या भागात आहे ते ठरवावे.

समजा, माईकमधून काहीच ऐकू येत नाही. मिक्सरला मोबाईल जोडून एखादे गाणे लावा. ते स्पीकरमधून ऐकू आले, तर मिक्सरच्या पुढचे ॲम्प्लिफायर, वायर आणि स्पीकर ठीक आहेत. दोष माईक, केबल किंवा त्या चॅनेलमध्येच असला पाहिजे. आता चालू असलेल्या दुसऱ्या माईकची केबल या माईकला लावा. आवाज आला तर केबल खराब. नाही आला तर तोच माईक दुसऱ्या चॅनेलवर लावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम पाळावा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज आला, तर कशामुळे आला हे कळत नाही, आणि तोच दोष पुढच्या कार्यक्रमात पुन्हा उभा राहतो.

विजेशी खेळ नको

मित्रहो, खराब आवाजाने कार्यक्रम बिघडतो. खराब विजेने माणूस जातो. खांबावरून आकडा टाकून वीज घेणे हा गुन्हा तर आहेच, पण त्या वायरला ना योग्य फ्यूज असतो ना अर्थिंग. आपल्या महापुरुषाची जयंती चोरीच्या विजेवर साजरी होऊ नये. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना देशाच्या वीजविकासाचे धोरण बाबासाहेबांच्या खात्याकडे होते, याचे स्मरण आपण ठेवावे. वीज कंपनीकडून तात्पुरती जोडणी रीतसर मिळते, ती घ्यावी.

कार्यक्रमाच्या जागी परवानाधारक वायरमनकडून तीन गोष्टी तपासून घ्याव्यात. पहिली, व्होल्टेज. ते २३० च्या आसपास असावे. जनरेटर असेल तर तो सुरू करून, मीटरने व्होल्टेज पाहून मगच संच जोडावा. दुसरी, अर्थिंग खरोखर आहे की नुसती तीन पिनांची सॉकेट आहे. तिसरी, ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी. वीज माणसाच्या अंगातून जमिनीकडे वाहू लागली तर हे साधन क्षणार्धात पुरवठा तोडते. साधा फ्यूज तारांचे रक्षण करतो, माणसाचे नाही.

भाराचा हिशेब सोपा आहे. एकूण वॅटला २३० ने भागले की साधारण किती ॲम्पिअर लागतील ते कळते. २३०० वॅटचा भार असेल तर १० ॲम्पिअर. हा भार घरगुती ६ ॲम्पिअरच्या सॉकेटवर टाकला तर पिना काळ्या पडतील आणि मंडपाला आग लागण्याची भीती. गुंडाळीची लांब एक्स्टेंशन वायर असेल तर ती पूर्ण उलगडावी. गुंडाळलेल्या वायरमधली उष्णता बाहेर पडत नाही आणि तिचे आवरण वितळते. फ्यूज उडाला तर तेवढ्याच ॲम्पिअरचा दुसरा घालावा, तांब्याची तार गुंडाळू नये. वीज बंद केल्यावरही ॲम्प्लिफायरच्या पोटात काही काळ घातक दाब साठून राहतो, तेव्हा शिकाऊ माणसाने त्याचे झाकण उघडू नये.

पुष्कळ मंडपांत दिसणारा एक प्रकार सांगतो. माईकला ओठ लागताच गायकाला झिणझिण्या येतात. मग कोणीतरी माईकवर हातरुमाल गुंडाळतो आणि कार्यक्रम पुढे चालू राहतो. ही मोठी घोडचूक आहे. झिणझिण्या म्हणजे धोक्याची सूचना. त्या क्षणी कार्यक्रम थांबवा, मेन स्विच बंद करा आणि अर्थिंग तपासा. कोणाला विजेचा धक्का बसलाच तर त्याला हात लावण्यापूर्वी पुरवठा तोडा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देण्याचा उपचार लगेच सुरू करा. हा उपचार आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने शिकून घ्यावा.

वीणेची तार

सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट आपण ऐकली आहे. तो अतिशय कठोर साधना करू लागला, तेव्हा तथागतांनी त्याला वीणेच्या तारेचा दाखला दिला. तार फार ताणली तरी सूर नाही, फार सैल सोडली तरी नाही. मिक्सरवर गेन नावाचे बटण असते, त्याला हा दाखला तंतोतंत लागू पडतो. गेन फार वाढवला तर आवाज फाटतो आणि लाल दिवा लागतो. फार कमी ठेवला तर पुढे सगळे वाढवावे लागते आणि त्याबरोबर खरखरही वाढते. गायकाला प्रत्यक्ष कार्यक्रमात गाईल तेवढ्या जोराने गायला सांगावे आणि सर्वांत चढ्या सुरालाही लाल दिवा लागणार नाही असा गेन ठेवावा. लाल दिव्यावर चाललेला लहान ॲम्प्लिफायरसुद्धा स्पीकरचा ट्वीटर जाळतो, हे विसरू नये.

संच सुरू करताना आधी मिक्सर आणि सर्वांत शेवटी ॲम्प्लिफायर सुरू करावा. बंद करताना आधी ॲम्प्लिफायर बंद करावा. हा क्रम चुकला की ‘धप्प’ असा आवाज होतो आणि प्रत्येक धक्क्याने स्पीकरचे आयुष्य कमी होते.

शिट्टी का वाजते?

माईकमध्ये गेलेला आवाज स्पीकरमधून बाहेर पडतो, तोच पुन्हा माईकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर येतो. या चक्राला फीडबॅक म्हणतात. आपल्याकडे शिट्टी वाजली की सगळे ऑपरेटरकडे पाहतात. पण निम्मे उपाय मंचावरच्या माणसांच्या हातात असतात.

पहिला उपाय अंतराचा. माईक तोंडापासूनच्या निम्म्या अंतरावर आणला तर त्यात सुमारे ६ डेसिबल आवाज अधिक जातो. एवढाच फरक ॲम्प्लिफायरने पाडायचा तर त्याची शक्ती चौपट करावी लागेल. म्हणजे वीतभर अंतरावरचा माईक चार बोटांवर आणणे हे मोठे ॲम्प्लिफायर विकत घेण्यापेक्षा स्वस्त आहे. दुसरा उपाय, माईकच्या जाळीवर मूठ न आवळणे. गायनाचा माईक समोरचा आवाज जास्त घेतो आणि पाठीमागचा कमी. जाळी मुठीत धरली की त्याचा हा गुण नाहीसा होतो. तिसरा, मुख्य स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला ठेवावेत. गायकासाठीचा मॉनिटर साधारणपणे माईकच्या पाठीमागच्या दिशेला असावा. चौथा, जे माईक वापरात नाहीत ते बंद ठेवावेत. चालू माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी वाजण्यापूर्वी मिळणारा आवाज सुमारे ३ डेसिबलने घटतो. कोरसच्या सहा जणांना सहा माईक देण्यापेक्षा दोन माईकांभोवती नीट उभे केले तर शब्द अधिक स्पष्ट येतात.

एवढे करूनही शिट्टी राहिली तर इक्वलायझरने नेमका तोच सूर थोडा कमी करावा. सर्व पट्ट्या खाली ओढल्या तर शिट्टीबरोबर गायकाचा आवाजही जातो.

घुमघुम, खरखर आणि मुका स्पीकर

सतत ‘हम्म’ असा आवाज येत असेल तर तो बहुधा आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा असतो. मिक्सर श्रोत्यांमधल्या एका सॉकेटवर आणि ॲम्प्लिफायर मंचावरच्या दुसऱ्या सॉकेटवर असला की दोन अर्थिंगच्या वाटा होतात आणि घुमघुम सुरू होते. दोन्ही यंत्रांना एकाच ठिकाणाहून वीज द्यावी. कीबोर्ड किंवा ऑक्टोपॅडमुळे आवाज येत असेल तर मध्ये डीआय बॉक्स घालून त्यावरचे ग्राउंड लिफ्टचे बटण वापरावे. मात्र घुमघुम थांबावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कापणे म्हणजे कानाला बरे वाटावे म्हणून जीव धोक्यात घालणे होय. माईकची केबल विजेच्या वायरला समांतर टाकू नये. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी.

तीन पिनांच्या माईक केबलमध्ये एकच आवाज दोन तारांतून परस्परविरुद्ध जातो. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांत सारखाच शिरतो आणि मिक्सरमध्ये परस्पर रद्द होतो. म्हणून लांब अंतरासाठी हीच केबल वापरावी. केबल हलवली की खरखर होत असेल तर बहुतेक वेळा कनेक्टरजवळचे सोल्डरिंग सुटलेले असते. मल्टीमीटर, सोल्डरिंग इस्त्री आणि पंधरा मिनिटे एवढ्यात ती केबल पुन्हा कामाला येते. मिक्सरचे बटण फिरवताना खरखर झाली तर आत धूळ आहे. संच बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा.

एक स्पीकर मुका असेल तर चालू स्पीकरची वायर त्याला लावून पाहा. दोन्ही स्पीकर चालू असूनही ढोलकीचा धुमारा नाहीसा झाला असेल, तर एका स्पीकरच्या अधिक-उणे तारा उलट जोडल्या गेल्या आहेत असे समजावे. एक पडदा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे खेचतो, आणि खर्जाचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात.

स्पीकर वाढवतानाही हिशेब करावा. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात, चार जोडले की २ ओहम. ॲम्प्लिफायरच्या पाठीवर किमान ४ ओहम लिहिले असेल तर चार जोडू नयेत. ते तापून बंद पडेल. खांबांवरच्या कर्ण्यांची १०० व्होल्ट लाईन निराळी. तेथे प्रत्येक कर्ण्याच्या ट्रान्सफॉर्मरवर लावलेल्या वॅटची बेरीज ॲम्प्लिफायरच्या वॅटपेक्षा कमी हवी. ३० वॅटचे आठ कर्णे म्हणजे २४० वॅट. ते २५० वॅटच्या यंत्रावर चालतील, दहा चालणार नाहीत. या लाईनचाही धक्का बसतो, तेव्हा चालू यंत्रावर जोडणी करू नये.

वाद्ये आणि श्रोते

गायन पार्टीत गायकाचा शब्द राजा आहे, हे सूत्र धरून वाद्यांचा आवाज ठरवावा. आधी मुख्य गायक, मग पेटी, मग ढोलकी-तबला आणि शेवटी टाळ व कोरस अशी जुळणी करावी. ढोलकीचे दोन्ही तोंडांचे आवाज निराळे असतात, म्हणून जमल्यास दोन माईक द्यावेत. टाळांचा आवाज मूळचाच तीक्ष्ण असतो. त्यांना वेगळा माईक बहुधा लागतच नाही. गायकाच्या चॅनेलवरचे लो-कट बटण दाबले की मंचावरची धडधड आणि वाऱ्याचा घोंगाट कमी होतो.

आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ३४ मीटरवर बसलेल्या माणसाला मंचाजवळच्या स्पीकरचा आवाज एक दशांश सेकंद उशिरा पोहोचतो. त्याच्या शेजारी दुसरा कर्णा असेल तर तोच शब्द त्याला दोनदा ऐकू येतो. म्हणून मागचा कर्णा डिले यंत्राला जोडावा. ते नसेल तर मागच्या कर्ण्याचा आवाज बेताचा ठेवावा आणि मैदानाच्या शेवटी स्वतः उभे राहून ऐकावे.

मोठा आवाज म्हणजे मोठा विचार नव्हे

अलीकडे ट्रकवर स्पीकरच्या भिंती उभ्या करण्याची स्पर्धा लागली आहे. त्या भिंतीपुढे छातीत धडधडते, पण गाण्याचा एक शब्द कळत नाही. ज्या समाजाला शतकानुशतके बोलू दिले गेले नाही, त्याने मिळालेला आवाज गोंगाटात घालवावा काय? याचा विचार तरुणांनी करावा.

कायदाही स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्या जागी तो लावता येत नाही. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवासाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रुग्णालये, शाळा-महाविद्यालये आणि न्यायालये यांच्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून शासनाला घोषित करता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली संगीताच्या कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचविली आहे. स्पीकरच्या तोंडाशी लहान मुलांना बसवू नये; कानाची एकदा गेलेली शक्ती परत येत नाही. आणि आपल्या जयंतीच्या दिवसांत आपलीच मुले परीक्षेचा अभ्यास करीत असतात, हेही ध्यानात असावे.

निगा

संच कार्यक्रमात जेवढा बिघडतो त्याहून अधिक कपाटात बिघडतो. केबल कोपर आणि अंगठ्यात आवळून गुंडाळू नये. आतल्या तारा पिळल्या जाऊन तुटतात. सैल वर्तुळात, एक वेढा सुलटा व एक उलटा अशी गुंडाळावी आणि वेलक्रोच्या पट्टीने बांधावी. कॉर्डलेस माईकमधले सेल कार्यक्रम संपताच काढावेत. ते पाझरले की स्प्रिंगा गंजतात. कार्यक्रमाला नेहमी नवे सेल घालावेत. चाकांच्या बॅटरी स्पीकरमधली लेड-ॲसिड बॅटरी रिकामी पडू देऊ नये, कार्यक्रम नसला तरी ठराविक काळाने चार्ज करावी. माईकची जाळी फिरवून काढावी, साबणाच्या पाण्याने धुवावी आणि पूर्ण वाळल्यावरच बसवावी. पावसाळ्यात संच जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावा, भिंतीपासून दूर, आणि महिन्यातून एकदा अर्धा तास चालवावा.

एका डब्यात जादा केबल, योग्य ॲम्पिअरचे फ्यूज, सेल, स्क्रू-ड्रायव्हर, मल्टीमीटर, टेप आणि टॉर्च असावा. आणि एक नोंदवही असावी. तारीख, कार्यक्रम, कोणती वस्तू कोणी नेली, कोणता दोष आढळला, काय केले एवढे लिहावे. खराब केबलला गाठ मारून लाल चिठ्ठी लावावी. नाहीतर तीच केबल पुन्हा डब्यात जाते आणि पुढच्या कार्यक्रमात पुन्हा गायकाच्या हाती येते.

एक नम्र सूचना

संच एका माणसाच्या भरवशावर ठेवू नये. तो आजारी पडला की कार्यक्रम अडतो, आणि ज्ञान एकाच्या मुठीत राहिले की ते मक्तेदारी बनते. मक्तेदारी ज्ञानाची असली तर तिने काय होते, हे आपल्यापेक्षा अधिक कोणाला ठाऊक असणार? म्हणून मी अशी सूचना करतो की, दर वर्षावासात विहारात चार रविवार या कामाचे वर्ग घ्यावेत. आठ-दहा मुले आणि तितक्याच मुली निवडाव्यात. सोल्डरिंग आणि मिक्सर हे मुलांचेच काम असा समज आपल्या विहारात तरी नसावा. ज्यांना गोडी लागेल त्यांना आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक किंवा इलेक्ट्रिशियन अभ्यासक्रमाची वाट दाखवावी. विहारातल्या या डब्यातून एखाद्या घराचा उदरनिर्वाह उभा राहू शकतो.

मंचावर गाणाऱ्याला टाळ्या मिळतात आणि त्या त्याला मिळाल्याच पाहिजेत. मिक्सरमागे बसलेल्याचे काम चोख झाले तर त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. तरीही शेवटच्या रांगेतल्या उपासिकेला गीताचा प्रत्येक शब्द कळावा, ही जबाबदारी त्याची आहे. ती पत्करणारे तरुण आपल्या संस्थेतून पुढे यावेत, एवढी अपेक्षा व्यक्त करतो आणि माझे दोन शब्द संपवितो.

जयभीम! नमो बुद्धाय!